अष्टमीच्या सावल्या

"अहो, निदान चप्पल तरी घाला!" जिन्यातून इंदुमतीबाई ओरडल्या, पण त्र्यंबकराव गच्चीवर दुर्बिणीपाशी पोचलेही होते. चंद्रावरच्या वस्तीला उजेड देणारे आरसे दुरुस्तीसाठी अर्धा तास दुसरीकडे फिरवले होते आणि कित्येक वर्षांनी संध्याकाळच्या आकाशात अष्टमीचा अर्धा चंद्र दिसत होता. एरवी वस्तीला रात्र नको म्हणून तो रोजच पूर्ण उजळलेला असे, ताटासारखा सपाट; विवरांच्या कडा तेवढ्या दिसत, सावल्या नाहीत.

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, कापल्यासारखा दिसतोय!"

त्र्यंबकरावांनी कागदावर चंद्र काढायला घेतला, पण पहिलीच रेघ वाकडी गेली. "आता नाही जमायचं मला," ते पुटपुटले.

"लग्न झाल्यापासून दर अष्टमीला हेच म्हणायचात," असं म्हणत इंदुमतीबाईंनी टॉर्चला लाल रुमाल गुंडाळून उजेड धरला.

सावल्या सरकतात, म्हणून ते नेहमी आधी सावल्याच काढत. एकेका विवरातला काळोख ते पेन्सिलीने भरत गेले. मग विवरांच्या कडा काढायला घेतल्या आणि चंद्र भक्कन पूर्ण उजळला.

"कडा राहिल्याच," ते खिन्नपणे म्हणाले.

इंदुमतीबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "कडा काय, उद्याही दिसतील. सावल्या मिळाल्या ना?"