फुटक्या सायलेन्सरची फटफटी

खुशालरावांनी ती तीस वर्षांची खटारा फटफटी विकावी असं अख्खं अकोला सांगे. पण ते ऐकतील तर शपथ. पत्नी जमुनाबाई त्यांचा चेहरा विसरल्या होत्या, तरी फुटक्या सायलेन्सरचा तो भडभडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की ओट्यावरून उठत आणि म्हणत, "आले आमचे." तेवढ्यासाठी खुशालराव रोज संध्याकाळी उगाच एक चक्कर मारून येत. आज ब्रेकचं काम होतं. गाडी परत देताना गजेंद्र मिस्त्री खुशीत म्हणाला, "काका, नवा सायलेन्सर बसवून देल्ला, माह्याकडून. आता आवाजच नाई!" "जुना कुठी हाय?" "भंगारवाला घेऊन गेला." खुशालराव घरापुढून तीनदा गेले, जमुनाबाई उठल्या नाहीत. शेवटी ते ओट्याच्या पायरीवर टेकले. "भाऊ," त्या म्हणाल्या, "आमचे दिसले काय कुठी? लय उशीर केला आज." "येतीन आता," ते म्हणाले.