कॅम्पचं कार्ड

भरताचं वांगं घेताना दाबून बघतात, तसा पाहुण्या बाईने मयुरीचा दंड दाबून बघितला. मग म्हणाली, चालून दाखव. मयुरी चालली. केस सोडून दाखव झालं, सुईत दोरा ओवून झाला.

बाकावर बसलेल्या नूतनला शिसारी आली. शिंदखेड्यातल्या या वर्गात ती महिनाभर मुलींना कराटे आणि इंग्रजी शिकवत होती. आईवडील मूळचे जळगावचे, ती मात्र कॅनडात जन्मलेली. तिथल्या एका संस्थेतर्फे, पदरमोड करून, उन्हाळी कॅम्प चालवायला आलेली. भारी उत्साही बाई. मुलींचे फोटो वेबसाइटवर टाकायचे तर अठराच्या आतल्या प्रत्येकीच्या आईबापाची सही लागायची, आणि आईबाप दिवसभर शेतात. ते झेंगट तिने पहिल्याच दिवशी निकालात काढलं होतं. स्वतःवर खूशही झाली होती.

घरी बघायला आले तर गल्लीत बोभाटा होतो, म्हणून मयुरीचे काका प्रेमराज पाहुण्यांना 'कॅम्प बघायला' घेऊन आले होते. पाहुणे तरी कसले! 'मी कुणाला घाबरत नाही' या पोस्टरखाली बसून पोहे हाणत होते. पोराचा बाप ढेकर देत होता. आई भरल्या तोंडाने विचारत होती, भाकरी येते का, पाळी वेळेवर येते का. आणि तो घोडनवरा, तिशी कधीच उलटलेला, तेलकट बोटांनी मयुरीचे फोटो काढत होता. ओठही चाटत होता, मेला.

नूतन उठली. प्रेमराजच्या समोर जाऊन उभी राहिली.

"लाज नाही वाटत? नववी झालीये तिची. पंधरा वर्षांची आहे. आत्ता पोलिसांना बोलावते."

पाहुण्यांचे चमचे थांबले. पोराच्या बापाने चपला शोधायला सुरुवात केली. वयाचीच तर त्यांना पहिल्यापासून धास्ती होती.

प्रेमराज मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं एक कार्ड काढलं आणि पाहुण्यांपुढे धरलं.

"पोर अठरानी शे," ते शांतपणे अहिराणीत म्हणाले. "कागद या ताईनाच शे."

कॅम्पचं ओळखपत्र. मयुरीचा हसरा फोटो. वय अठरा. परदेशी संस्थेचा गोल शिक्का आणि खाली नूतनची झोकदार सही. बापाने चपला पुन्हा बाकाखाली सारल्या. पोराच्या आईने पोह्यांची बशी उचलली.

"मयुरी, तू सांग यांना," नूतन म्हणाली. आवाज फाटला होता तिचा. "तुझं खरं वय सांग."

मयुरी सुईत ओवलेला दोरा बोटाला गुंडाळत उभी होती. तिने मान वर केली नाही.

"मी फॉर्मवर पंधराच लिहिलं होतं, ताई. तुम्हीच खोडलं."