पासपोर्टवरची सही

२००९ साली, मंदीत दुबईतल्या बांधकामाच्या साइट एकेक करून बंद पडत होत्या, तेव्हा मी तिथेच ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचा, म्हणजे जायबंदी माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवण्याचा, दोन वर्षांचा कोर्स करत होते. प्रॅक्टिकलला मला दुबईतल्याच सोनापूरच्या लेबर कॅम्पातला गुणवंत नावाचा गवंडी मिळाला. परांचीवरून पडून त्याच्या उजव्या हाताची बोटं लुळी पडली होती.

"ताई, माझ्या हातानं घास खाता आला तरी पुरे," तो म्हणाला.

त्याच्या कंपनीचा एचआर उपेंद्र करामात आमच्या शेजारी राहायचा. तेव्हा मी त्याला काका म्हणायचे.

"जेवेल की डाव्या हातानं," तो हसला. "तू आधी पेन धरायला शिकव. पासपोर्टवरच्यासारखी सही आली की खलास. बँकेचं काम अडलंय बिचाऱ्याचं."

सहा आठवडे मी गुणवंतकडून फक्त सही गिरवून घेतली. जमली त्या दिवशी उपेंद्रने पुढे केलेल्या अरबी कागदावर त्याने ती ऐटीत ठोकली. कॉलेजने मला पैकीच्या पैकी मार्क दिले.

गुणवंतला कंपनीने मायदेशीच्या विमानात बसवल्यावर, माझ्या प्रॅक्टिकलच्या फाइलमधली त्या कागदाची प्रत मी एका अरबी येणाऱ्याकडून वाचून घेतली.



'कामगाराचा हात पूर्ण बरा झाला असून तो स्वखुशीने नोकरी सोडत आहे. पुरावा म्हणून त्याची ही सही.'