मोबाइलचा काय भरवसा

वडिलांनी मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला आणि हात झटकले.

"आता उड," ते म्हणाले.

ठिणगी बादलीकडे बघत राहिली. हे नाव तिला वेल्डिंगच्या वर्गात पडलं होतं. लांबच्या एका गोदीत तिला जहाजं जोडायची नोकरी लागली होती. विमान दुपारचं होतं आणि बोर्डिंग पास त्या मोबाइलमध्ये. उद्या हजर झाली नाही तर नोकरी दुसऱ्याला जाणार, हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं. घर सोडून कोणी कधी जायचं ते तेच ठरवत, आणि आजवर त्यांनी कोणाला जाऊ दिलं नव्हतं.

"तरी जाणार," ठिणगी म्हणाली. मान ताठ होती.

आई शिलाई मशीनवर झाकण घालत होती. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे तिने कालच शिवून देऊन टाकले होते. तिने मशीनच्या खणातून घडी घातलेला कागद काढून लेकीच्या हातात दिला.

आठवडाभर आईने एकच धोशा लावला होता. मोबाइलचा काय भरवसा? बॅटरी संपली तर? पडदा फुटला तर? वर आणखी शंका: विमानात थंडी वाजते का, बॅग किती जड चालते, तू बसणार कुठे? जादा पैसे न भरता मधलीच जागा मिळते, असं सांगून ठिणगीने कटकट मिटावी म्हणून पास आईच्या मोबाइलवर धाडला. आई तो छापायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. तो तिकिटंही काढून देतो, त्यामुळे तिथे कायम गर्दी. एका कागदाला एवढा वेळ, असं ठिणगीने विचारलंच. झेरॉक्सचं मशीन बिघडलं होतं, आई म्हणाली.

आता वडिलांचा हात कागदाकडे गेला. आई मधे उभी राहिली.

"फाडा. मी दुसरा छापेन. बादलीत किती बुडवाल?"

इतक्या वर्षांत ती त्यांना उलटून बोलली नव्हती. वडील खाली बसले.

"मी जाते हिच्याबरोबर," आई म्हणाली.

"लवकर ये. जेवायचंय मला."

आईने मोजे आणि बूट घातले, हातावर स्वेटर टाकला आणि स्वतः भरलेली जड बॅग उचलली. घराची किल्ली फळीवरच राहिली.

विमानतळाच्या दाराशी पहारेकऱ्याने बजावलं, पास असलेल्यांनाच आत सोडणार. ठिणगीने कागद दाखवला. मग वळून आईला घट्ट मिठी मारली. तिला रडू आवरेना.

"आता तू जा. बाबा वाट बघत असतील."

"बघू देत," आई म्हणाली, आणि स्वेटरच्या खिशातून तसाच एक कागद काढून तिने पहारेकऱ्यापुढे धरला. "खिडकी माझी आहे."