लाल फितीचे टोमॅटो

मेलबर्नमधल्या आपल्या परसात दोनातो कित्येक वर्षं टोमॅटोची एक नवी जात तयार करू पाहत होता, पण दर हंगामात काहीतरी भलतंच उगवायचं. यंदा होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं, तेव्हा कुठे सगळी झाडं एकसारखी निघाली. बियांसाठी राखलेल्या फळांना लाल फिती बांधून तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला.

परतला तर वाफा रिकामा आणि गॅरेजमध्ये वर्षभराच्या सॉसच्या भरलेल्या बाटल्या पिंपातल्या पाण्यात उकळत होत्या.

"यंदा तुम्हाला राबू द्यायचंच नव्हतं, पपा," लेक ओर्नेला म्हणाली. "फितीवाले तर तुम्हीच निवडून ठेवलेले, ते आधी घेतले. साली-बियांचा चोथा कोंबड्यांनी फस्त केला."

तिने चमचा त्याच्या ओठांशी धरला.



"असा सॉस आजवर झाला नाही. पुढच्या वर्षीही हेच टोमॅटो लावा हं."