पेन्सिलीतले दोन तास

“हा कागद कोण लावतं?” मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

घंटा होण्याआधी तो रोज नोटीसबोर्डावर असायचा. आज कोणते शिक्षक आलेले नाहीत आणि त्यांच्या तासाला कुणी जायचं, याचा तक्ता. सरकारी शाळेला बत्तीस शिक्षक मंजूर होते, नेमलेले एकवीस, त्यांतले तीन-चार रोज रजेवर. हा कागद नसता तर पहिल्याच तासाला चार वर्ग रिकामे बसले असते. अक्षर बारीक आणि सरळ. खाली सही नाही.

“उपमुख्याध्यापक लावत असतील,” क्लार्क म्हणाला.

उपमुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. “मी? मला वाटलं ऑफिसातून येतो. मी कशाला नसत्या भानगडीत पडू?”

सहा वर्षांत बाई या खुर्चीत बसलेल्या अकराव्या. त्यांना येऊन पाच आठवडे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांना ‘पाहुण्या’ म्हणत. दाराशी थांबून त्यांनी एकदा ऐकलं होतं. “पाहुण्या आल्या का गं?” “आल्यात. पंख्याचं बटण शोधतायत.” बाईंना राग आला नव्हता. त्यांच्या पर्समध्ये खरोखरच बदलीचं एक पत्र होतं. घराजवळची शाळा, पूर्ण शिक्षक, निकाल चांगला. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. शाळेत अजून कुणाला त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण तो कागद त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी जुन्या तक्त्यांची फाईल मागवली. क्लार्कने धूळ झटकून आणून दिली.

अक्षर दर वर्षी वेगळं होतं. सगळ्यात जुनं वर्ष सोडलं तर वर्षाच्या मधे मात्र ते एकदाही बदललेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून परीक्षेपर्यंत एकच हात. बाईंनी त्याच वर्षांची हजेरीपुस्तकं शेजारी उघडली. मुख्याध्यापकांच्या सह्या कुठे दोघांच्या, एका वर्षी तर तिघांच्या.

ऑफिसच्या भिंतीवरचं मोठं वेळापत्रकही यंदाच्याच अक्षरात होतं. सगळं निळ्या शाईत. मुख्याध्यापकांचे दहावी ‘ब’चे इतिहासाचे दोन तास तेवढे पेन्सिलने. इतके दिवस बाईंना तो कुणाचा तरी आळस वाटला होता.

शुक्रवारी त्या नऊलाच आल्या. घंटा अकराची. शिपाईमामा फाटक उघडत होते.

“आज लवकर, मॅडम?”

“तो कागद कोण लावतं ते बघायचंय.”

मामांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. आजवर कुणी विचारलंच नाही.”

साडेनऊला दहावी ‘ब’मधली एक मुलगी आली. तिने दप्तर खाली ठेवलं आणि मामांची वही उघडली. सुट्टी हवी असली की शिक्षक मामांनाच फोन करत. चार नावं वाचून तिने कागदावर रेघा मारायला घेतल्या. बाई बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मुलगी उठायला लागली.

“बस. तू लिहितेस?”

“हो बाई. यंदा मी.”

“गणिताच्या तासाला चित्रकलेचे सर का? विज्ञानाच्या बाई मोकळ्या आहेत की.”

“त्यांचे आधी सलग दोन तास आहेत. तिसऱ्याला त्यांचा गुडघा दुखतो. मग त्या आमच्यावर काढतात.”

बाईंना हसू आलं. पाच आठवड्यांत त्यांना त्या गुडघ्याचा पत्ता नव्हता.

“हे काम तुला दिलं कुणी?”

“दहावीच्या ताईने शिकवलं, मी नववीत असताना. तिला तिच्या आधीच्या ताईने. पहिल्या ताईच्या वेळी मुख्याध्यापक सर मधेच गेले. नव्या सरांना असा तक्ता असतो हेच माहीत नव्हतं. आठ दिवस वर्गांत नुसता गोंधळ. मग तिनेच लिहून लावला. शिक्षकांना वाटलं, त्यांच्यातल्याच कुणीतरी लावलाय.”

“आणि मधेच कंटाळा आला तर?”

“मधे सोडायचं नाही असं ठरलंय. परीक्षा झाली की पुढचीच्या हातात द्यायचं.”

बाईंनी मांडीवरची पर्स उगाच सरळ केली.

“इतिहास कसा चाललाय?” त्यांनी विचारलं.

“पहिलं प्रकरण पाठ आहे, बाई. यंदा तीनदा झालं. नवीन कुणी आलं की पहिल्यापासूनच सुरू करतं.” मुलगी जरा थांबली. “परवा तुम्ही दुसरं काढलंत ना, तेव्हा मागे कुजबुज झाली. ती त्याचीच होती.”

परवा त्या कुजबुजीवर बाई रागावल्या होत्या.

त्या उठल्या आणि तिला ऑफिसात घेऊन गेल्या. वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे दोन तास पेन्सिलने का?”

मुलीने खाली बघितलं. “तसंच शिकवलंय. पहिल्या ताईने तिथे नाव पेनने लिहिलं होतं. त्या वर्षी तीन मुख्याध्यापक झाले. खोडून खोडून तिथे कागद फाटला.” मग घाईने म्हणाली, “फक्त तुमच्यासाठी नाही, बाई. सगळ्यांसाठीच.”

बाईंनी खिळ्यावरून वेळापत्रक काढलं, टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला.

“पेन दे.”

मुलीने पेन मुठीत धरून ठेवलं. “पेनने लिहिलं की परीक्षेपर्यंत बदलायचं नाही, बाई. नियम आहे आमचा.”

बाईंनी हात मागे घेतला नाही.