मसाल्याचं प्रमाण

समोरच्या दुकानातून आपल्याच मसाल्याचा वास आला, तसे मगदूमअण्णा खोबरं भाजत बसलेल्या बायकोवर कडाडले, “माझं प्रमाण तूच फोडलंस ना?”

पद्माक्का काय फोडणार? लग्न होऊन आल्यापासून मिरच्या निवडायच्या त्यांनी, खोबरं भाजायचं त्यांनी. पण मसाला मिसळायची वेळ आली की अण्णा त्यांना बाहेर काढून आतून कडी लावत.

“आक्कांनी नाही, मी सांगितलं,” मालाचा हिशेब ठेवणारं यंत्र गल्ल्यावरून गोड आवाजात म्हणालं. “समोरच्यांचा हिशेबही माझ्याकडेच आहे. त्यांनी विचारलं. कुठला जिन्नस किती वापरला, हे अण्णा मला दर खेपेला सांगतात.”

अण्णांची मान खाली गेली.

“याला सांगत होता?” पद्माक्कांनी विचारलं.

कढईतलं खोबरं करपायला लागलं. त्यांनी ते करपू दिलं.